मुकुटावरचा वाकडा क्रूस

१४ मार्च, सोमवार

टांकसाळीचं पत्र आलं. नाण्याचं काम आमच्याकडेच.

आमच्याकडे म्हणजे वेन्देल बाचींच्या (सगळ्यांचेच ते बाची, काका) कारखान्यात, आणि कारखाना म्हणजे तीन खोल्या, एक भट्टी, एक दाबयंत्र आणि तीन माणसं: बाची, हायनाल्का आणि मी. छापणार राजधानीतली टांकसाळ. पोलादी साचे आम्ही करून द्यायचे. १२२२ साली एंद्रे राजानं इथेच, आमच्या फेहेर्वारमध्ये, सरदारांना सोनशिक्क्याची सनद दिली, तिला आठशे वर्षं होतायत. चोवीस एप्रिलला नाण्याचं प्रकाशन. एकोणीस जणांनी चित्रं पाठवली होती, त्यातलं हायनाल्काचं निवडलं. तिचं पहिलं नाणं. खाली काठाशी, मोहरीएवढं, तिच्या नावाचं आद्याक्षर येणार.

पत्र वाचून ती खुर्चीत बसली आणि दोन्ही हात गालांवर ठेवून नुसती हसत राहिली. तेवढ्या वेळात मी तिच्याकडे नऊ वेळा पाहिलं. बाचींनी मोजलं असावं, कारण ते म्हणाले, "अर्धं विद्यापीठ, भट्टी उघडी आहे. खोली तापवायला नाही ती."

मला ते अर्धं विद्यापीठ म्हणतात. सेगेदला इतिहासाच्या तिसऱ्या वर्षी मी तोंडी परीक्षेतून उठून चालू पडलो, त्याला दीड वर्ष झालं. प्राध्यापकानं माझं वाक्य मध्येच तोडलं होतं. वाक्य बरोबर होतं.

सनदेतलं शेवटचं, एकतिसावं कलम मला पाठ आहे. राजानं शब्द मोडला तर त्याला विरोध करायचा हक्क, आणि त्याला द्रोह म्हणायचं नाही. हे ज्यानं लिहून घेतलं तो माझ्यासारखाच असणार.

१५ मार्च

सुट्टी. क्रांतीचा दिवस, कोटाला फितीचं फूल लावून सगळं गाव रस्त्यावर. चौकात हायनाल्का भेटली. बरोबर तो दाढीवाला गाश्पार, जो तिला रोज गाडीनं सोडतो आणि न्यायला येतो. मामेभाऊ असणार. दोघांचे कान सारखे आहेत. त्यानं तिच्या कोटावरचं फूल सारखं केलं. भाऊ करतातच असं.

सगळ्यांनी गरम वाइन घेतली, तिनं रासबेरीचं सरबत. साधी राहणी.

१८ मार्च

पोलाद धुवायच्या आम्लाचा वास तिला हल्ली सोसत नाही. बाटली उघडली की ती अंगणात जाऊन उभी राहते. नाजूक प्रकृती. मी आता बाटली अंगणातच नेऊन उघडतो, ती आत बसते. बाची म्हणाले, "एवढी काळजी मी माझ्या मशीनची केली असती तर ते अजून नवं असतं."

दुपारी तिनं माझ्या बरणीतल्या चार आंबट काकड्या खाल्ल्या. न विचारता. कुणाच्याही बरणीत माणूस असा हात घालत नाही. घरी येऊन मी तासभर येरझाऱ्या घातल्या.

२२ मार्च

प्लास्टरचा नमुना झाला. थाळीएवढा, पांढराशुभ्र. राजा सिंहासनावर बसलाय, मांडीवर सनद, सनदेला लोंबणारा गोल शिक्का. राजाचा चेहरा दमलेल्या माणसाचा आहे. हे तिला कसं सुचलं कोण जाणे. बघत राहिलो.

आणि मग मुकुट पाहिला. मुकुटावरचा क्रूस वाकडा.

आता आपल्या देशात कुणालाही मुकुट काढायला सांगा, तो क्रूस वाकडाच काढणार. बालवाडीतलं पोरसुद्धा. पासपोर्टावर वाकडा, शाळेच्या दारावर वाकडा, जामाच्या बाटलीवर वाकडा. पण तो वाकला कधी? सनदेनंतर चारशे वर्षांनी. कुणीतरी घाईत पेटीचं झाकण आपटलं म्हणतात. १२२२ मध्ये एंद्रेच्या डोक्यावर वाकडा क्रूस म्हणजे त्याच्या मनगटावर घड्याळ.

हायनाल्कानं विचारलं, "कसं वाटतं, बोल्दी? काही सुचवायचं असेल तर आत्ताच सांग. सोमवारी राळेचा साचा ओतायचा."

मी म्हणालो, "सुंदर आहे."

असं का म्हणालो? इतक्या लोकांची तोंडं बंद केली मी आयुष्यात, आणि हिच्यापुढे माझंच बंद होतं.

२४ मार्च

बाचींना सांगितलं. ते भाकरीला चरबी लावत होते.

"बाची, क्रूस सरळ हवा."

"कुणाला हवा?"

"इतिहासाला."

"तो आला होता का इथे? पत्ता दिलाय त्याला?" मग सुरी पुसत म्हणाले, "तिचं चित्र आहे. तिच्याशी बोल."

"तिला वाईट वाटेल."

"मग नको बोलू."

"पण मग लोक तिला हसतील. पहिलंच नाणं. वर्तमानपत्रात येईल. शाळेतले मास्तर पत्रं लिहितील."

"अर्धं विद्यापीठ," बाची म्हणाले, "तू एकतर बोलतोस किंवा बोलत नाहीस. तिसरं काहीतरी करतोस ना, त्याची मला भीती वाटते."

सबंध दिवस पॉलिश केलं. बाचींचा हात गेल्या वर्षापासून थरथरतो, ते कोरणी हातात घेत नाहीत आता.

२६ मार्च

आईचा कालोचाहून फोन. मिरचीची रोपं लावली, गुडघा दुखतो, परत कधी जाणार सेगेदला. म्हटलं, मी इथे देशाचं नाणं घडवतोय. ती म्हणाली, "देशाचं राहू दे, केस कापलेस का?"

सनदेच्या सात प्रती काढल्या होत्या, एक आमच्या कालोचाला ठेवायला दिली होती. हरवली. सातही हरवल्या. आमच्या लोकांच्या हातात काही द्यायची सोय नाही.

उद्या हायनाल्काचा नामदिवस, कॅलेंडरात तिच्या नावाचा दिवस. रविवार, म्हणजे ती कारखान्यात नाही. काय द्यावं? फुलं सगळेच देतात.

२७ मार्च, रविवार

दिलं.

किल्ली माझ्याकडे असते. सकाळी अकराला गेलो, खिडकीपाशी उजेडात बसलो. वाकडा क्रूस पात्यानं खरवडून काढला, ओलं प्लास्टर लावलं, वाळू दिलं, मग सरळ क्रूस घडवला. तीन तास लागले. देवळात घंटा वाजत होत्या. एकदा दार वाजलं तेव्हा पातं खिशात घातलं, पण तो शेजारचा कुत्रा होता.

क्रूस सुरेख झालाय. ताठ. तिनं केला असता तसाच. एकतिसावं कलम: विरोध करायचा, आणि तो द्रोह नाही. हा तर विरोधही नाही. ही माझी भेट आहे, फक्त तिला कळायची नाही. जी कुणाला कळत नाही तीच खरी भेट.

घरी येताना भूक लागली होती, चीजचं तळलेलं लांगोश खाल्लं, दोन.

२८ मार्च

सकाळी सातला, ती यायच्या आत, राळेचा साचा ओतला. ओतणं माझंच काम आहे, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. प्लास्टर फडक्यात गुंडाळून कपाटात.

नऊला ती आली. नामदिवसाचे पोगाचा, खारे छोटे पाव, घेऊन, अजून गरम. मी सात ट्यूलिप घेतले होते; बसमध्ये एकाची मान मोडली. सहा राहिले. सम फुलं मेलेल्यांना देतात, म्हणून आणखी एक काढून खिशात घातलं. पाच दिले.

"किती गोड रे," ती म्हणाली. बाचींनी तिचे दोन्ही गाल चुंबले, मला नुसता हात पुढे करता आला. खिशात ट्यूलिप चुरगळलं.

दुपारी रेखण्याचं यंत्र सुरू केलं. एका टोकाला सुई राळेवर फिरते, दुसऱ्या टोकाला तेच चित्र लहान होत पोलादात कोरलं जातं. तीन दिवस चालतं ते. मी जेवायलाही उठलो नाही.

ती म्हणाली, "बोल्दी, ते पळून जाणार नाही."

३१ मार्च

कळलं.

यंत्रावरचा पोलादी ठसा तयार झाला; याच्यावरूनच पुढे साचा निघतो. भट्टीत घालून कडक करण्याआधी मेणात दाबून पाहतात. बाचींनी दाबला, भिंग लावलं. भिंग तिच्या हातात दिलं. तिनं पाहिलं. खूप वेळ. मग राळेचा साचा पाहिला, बोट फिरवलं. मग कपाट उघडून फडकं सोडलं.

मी म्हणालो, "१२२२ मध्ये तो सरळ होता."

ती म्हणाली, "हो."

"तुला माहीत होतं?"

"बोल्दी, मी दोन वर्षं या राजाबरोबर काढलीत. तू काढून टाकलास का माझा क्रूस?"

"मी वाचवलं तुला."

तिनं कोट घेतला. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला ओरडण्याला उत्तर देता येतं. तिनं फोन करून बोलावलेला गाश्पार दारात आला, त्याला म्हणाली, "चल, घरी." दुपारचे दोन वाजले होते.

बाचींनी मेणाचा छाप उचलला आणि माझ्या समोर ठेवला. "आठ तारखेला टांकसाळीची गाडी येते," एवढंच म्हणाले.

१ एप्रिल

ती आली नाही. बाची म्हणाले, तब्येत बरी नाही. माझ्यामुळे. मी सनदेच्या स्मारकाच्या टेकडीपर्यंत चालत गेलो, वर कलमं दगडावर कोरलीत असं वाटलं होतं, वाचायला गेलो होतो. पण डोक्यात काही शिरेना. परत चालत आलो. बूट फाटला.

सरळ क्रूस बरोबर आहे. बरोबर असणं आणि हे असं वाईट वाटणं एकाच वेळी कसं होतं?

२ एप्रिल

पुन्हा नाही आली. वाद मनात शंभर वेळा घातला. शंभर वेळा जिंकलो.

५ एप्रिल, मंगळवार

ती काल आली, पण माझ्याशी बोलली नाही. आज दहाला बाचींनी रेडिओ बंद केला, तिघांसाठी खुर्च्या ओढल्या आणि म्हणाले, "बसा. आज निकाल लावा. माझ्याच्यानं दोघांचे चेहरे बघवत नाहीत."

हायनाल्का म्हणाली, "एकतिसावं कलम तुला पाठ आहे. दुसरं येतं?"

येतं. सगळी येतात. आधी बोलावणं धाडल्याशिवाय आणि रीतसर निवाडा झाल्याशिवाय कुणाला धरायचं नाही, कुणाचा नाश करायचा नाही.

मी ते म्हणून दाखवलं.

"मला बोलावणं धाडलंस?" ती म्हणाली. "मी तुला विचारलं होतं, काही सुचवायचंय का. तू म्हणालास, सुंदर. मग मी नसताना आलास, माझ्यावर निवाडा केलास आणि शिक्षाही दिलीस. राजेसुद्धा निदान एखादा साक्षीदार ठेवायचे."

"मला वाटलं तुला ठाऊकच नाही."

"चित्राबरोबरच्या निवेदनात दीड पान लिहिलंय मी क्रुसावर. निवड समितीनं त्यासाठीच चित्र घेतलं. फाइल इथेच आहे, तू रोज कॉफी ठेवतोस तिच्यावर."

मी फाइलकडे पाहिलं. वर तीन गोल डाग होते.

"चारशे वर्षं तो वाकडा आहे," ती म्हणाली. "या देशात सोनार नव्हते का? एका सकाळचं काम. कुणी हात लावला नाही. सनदेचंही तसंच. एंद्रेनं मोडली, त्याच्या पोरानं मोडली, पुढच्यांनी पुन्हा तिच्यावर शपथा घेतल्या आणि पुन्हा मोडल्या. सात प्रतींतली एक उरली नाही. तरी ती आहे. मला नवाकोरा राजा करायचा नव्हता, बोल्दी. आपल्या हातात ती ज्या अवस्थेत आली, ती अवस्था करायची होती. पुढच्यांच्या हातात देताना खोटं कशाला बोलायचं?"

बाचींनी नाक शिंकरलं.

"झालं माझं," ती म्हणाली. "आता तू बोल. सगळं. कुणी मध्ये तोडणार नाही."

आणि खरंच कुणी तोडलं नाही. मी इतिहासाचं बोललो, पेटीच्या झाकणाचं बोललो, मास्तरांच्या पत्रांचं बोललो. ती मान हलवत ऐकत होती. वाक्यं संपत गेली. मी शेवटपर्यंत बोलायला कधी शिकलोच नव्हतो, कारण तिथवर कुणी पोचू दिलं नव्हतं; पोचल्यावर तिथे काय असतं ते आज पाहिलं.

"तेवढंच?" तिनं विचारलं.

"नाही."

मग तेही बोललो. नऊ वेळा पाहिल्याचं नाही सांगितलं, बाकी सांगितलं.

ती म्हणाली, "मला माहीत आहे. दाबयंत्रालासुद्धा माहीत आहे. तू मला आवडतोस, बोल्दी, पण तसा नाही. आणि गाश्पार..."

"तुझा मामेभाऊ," मी म्हणालो.

बाचींना ठसका लागला. हायनाल्कानं त्यांच्या पाठीवर थोपटलं आणि माझ्याकडे बघून, हसू दाबत, फार मायेनं म्हणाली, "नाही रे. मामेभाऊ नाही."

बस. इतकं सोपं होतं ते. कान मी नीट पाहिले नव्हते.

त्याच दिवशी, नंतर

नवा ठसा करायला वेळ नाही. यंत्राला तीन दिवस, मग भट्टी, मग घासणं. गाडी शुक्रवारी. बाची म्हणाले, "सरळच जाऊ दे का? नाणं चांगलं आहे. तुझं अक्षर त्याच्यावर आहेच."

हायनाल्का म्हणाली, "मग माझं अक्षर काढा."

तेव्हा बाचींनीच वाट सांगितली. ठशावर चित्र उठावाचं असतं; तिथलं तासून काढता येतं, नवं घालता येत नाही. टांकसाळीला द्यायच्या पोलादी साच्यात चित्र खोल असतं. तिथे कोरून घालता येतं, घातलेलं काढता येत नाही. म्हणून: ठशावरचा सरळ क्रूस तासून टाकायचा. बिनक्रुसाचा ठसा कडक करून साच्याच्या मऊ पोलादात दाबायचा. आणि साच्यात वाकडा क्रूस हातानं कोरायचा, तांदळाच्या कणीएवढा, उलटा, म्हणजे छापल्यावर सुलटा येईल.

"हातानं कुणाच्या?" मी विचारलं.

बाचींनी उजवा हात पुढे धरला. तो पानासारखा हलत होता. हायनाल्का माती आणि प्लास्टरचं काम करणारी; पोलादात तिनं कधी कोरलेलं नाही.

"ज्यानं सांडलं त्यानं पुसायचं," बाची म्हणाले.

एक रेघ चुकली तर साचा फुकट, आणि दुसऱ्याला वेळ नाही. म्हणजे नाणंच नाही. मी म्हणालो, "मी अजूनही म्हणतो की तो सरळ होता."

"म्हण की," हायनाल्का म्हणाली. "म्हणत म्हणत कोर."

७ एप्रिल, गुरुवार

काल दिवसभर पितळेच्या तुकड्यांवर सराव केला. एकेचाळीस क्रूस. पहिले वीस बघवत नाहीत.

आज सकाळी साचा चिमट्यात धरला. आधी सुईनं नुसती पुसट खूण काढायची, ती पुसता येते. काढली. हायनाल्का भिंग लावून वाकली. तिच्या केसांचा वास आला आणि मी पोलादाकडेच पाहत राहिलो. हे मला जमलं याची इथे नोंद असू दे.

"हा अजून लाजतोय," ती म्हणाली. "सरळ उभं राहायचंय त्याला. अजून झुकव."

खूण पुसली, पुन्हा काढली.

"अजून केसभर."

माझ्या हाताला ते पटत नव्हतं. हात म्हणत होता, बास, एवढं चुकीचं पुरे. तिसऱ्यांदा काढली. तिनं माझ्या खांद्यावर बोट टेकवलं आणि उचललं. मग मी कोरणी घेतली.

किती वेळ गेला माहीत नाही. बाची म्हणतात, पंचवीस मिनिटं. त्यातली बरीचशी मी श्वास घेतला नसणार. मेणात दाबून पाहिलं: दमलेला राजा, मांडीवर सनद, आणि मुकुटावर तो, पडेल पडेल असं वाटणारा आणि न पडणारा.

बाचींनी भिंग खाली ठेवलं. "बोल्दिझार," ते म्हणाले. पूर्ण नाव त्यांनी पहिल्यांदाच घेतलं. मग भट्टी पेटवायला गेले.

८ एप्रिल

गाडी आली. टांकसाळीच्या बाईनं साचे फलालीन लावलेल्या पेटीत ठेवले, सही घेतली, गेली. कारखाना एकदम मोठा वाटायला लागला. मला करण्यासारखं काही नव्हतं. तीन वेळा फरशी झाडली.

२४ एप्रिल, रविवार

प्रकाशन झालं. नगरभवनात गर्दी, भाषणं लांबलचक. काचेच्या पेटीत नाणं, शेजारी भिंग ठेवलेलं, लोक रांगेनं वाकून बघत होते. पेटीपाशी मला उभं केलं होतं, कुणी काचेवर रेलू नये म्हणून. हायनाल्का समोरच्या खिडकीशी, निळ्या कोटात. कोटाची खालची बटणं तिनं लावली नव्हती. हल्ली ती नीट जेवत असावी, चेहराही भरलाय. गाश्पारनं तिच्यासाठी खुर्ची आणली. चांगला माणूस आहे. मला हे लिहायला पाच मिनिटं लागली.

मग ते आले. सत्तरीचे, छडी, खिशाला दोन पेनं; शंभर टक्के निवृत्त मास्तर. भिंगातून पाहिलं, ताठ झाले, आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं म्हणाले, "हे काय? १२२२ मध्ये हा क्रूस सरळ होता. पाचवीच्या मुलालासुद्धा कळतं. कुणी केलं हे?"

माझे कान तापले. जिभेवर दोन उत्तरं तयार होती. एक त्यांना गप्प करणारं. दुसरं म्हणजे, मीही हेच म्हणत होतो, आजोबा, शब्दन् शब्द. या, बसा, आपण दोघे मिळून बोलू.

"कोरला मी," मी म्हणालो. "वाकडा का, ते जिनं काढला ती सांगेल. ती खिडकीशी निळ्या कोटात. तिला विचारा."

"तिला विचारू?" त्यांना बहुतेक भांडणाची तयारी मोडावी लागली.

"हो. ऐकून घ्या मात्र पूर्ण. दीड पान आहे."

ते छडी टेकत गेले. तिनं त्यांना स्वतःची खुर्ची दिली, ते नको म्हणाले, मग बसले. ती उभ्यानं सांगत होती, हातानं हवेत क्रूस झुकवून दाखवत होती. ते मध्येच बोट वर करायचे आणि ती थांबून त्यांचं ऐकायची. इथून शब्द कळत नव्हते. रांगेतल्या एका बाईनं विचारलं, आत बघता येईल का, म्हणून मी बाजूला झालो आणि भिंग पुसून तिच्या हातात दिलं.